माळव्यातले दोन दिवस

बेळगावच्या माणसाला देवास हे गाव दोन कारणांनी माहीत असतं. पहिलं कारण अर्थातच कुमार गंधर्व. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली देवासला जाऊन राहिले आणि तिथलेच झाले. दुसरं कारण कोल्हापूरकडून येतं. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई, म्हणजेच अक्कासाहेब, देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांना दिल्या होत्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले. माझ्यापाशी मात्र तिसरं, अगदी घरगुती कारण आहे. माझी कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन देवासला गेली, त्याला आता २२ वर्षं झाली.

गेल्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले ते तिला धावताना पाहायला. इंदूरला दरवर्षी मॅरेथॉन होते. त्यात ती अर्ध-मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरहून थोडं अधिक अंतर धावणार होती. हल्ली आपल्याकडची मंडळीही धावायला थेट लंडन-बर्लिनला नाही तर दक्षिण आफ्रिकेतल्या 'कॉम्रेड्स'ला जातात आणि घरचे लोक टाळ्या वाजवायला सोबत जातात. आमचा परदेश आपला जवळचा. कर्नाटकातून निघायचं, महाराष्ट्र ओलांडायचा आणि मध्य प्रदेशात उतरायचं. शनिवार-रविवारचा मामला! शुक्रवारी रात्रीची बस धरून पुणे, पहाटेच्या विमानानं दीडेक तासात इंदूर, तिथून मोटारीनं तासाभरात देवास.

"धावणार ती, मग तू कशाला?" असं घरी विचारलं गेलंच. त्याला कारण होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ही मैत्रीण अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. त्या दिवसांत कोणीच कुठं जाऊ शकत नव्हतं. मी इथं बेळगावात फोन हातात धरून बसलेली आणि ती तिथं. बरी होऊन घरी आली तेव्हा स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत जाताना तिला मध्ये खुर्ची ठेवावी लागे. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू चाला, रोज थोडं वाढवा. तिनं ते ऐकलं आणि मग थांबलीच नाही. तेव्हा जाता आलं नव्हतं; आता ती २१ किलोमीटर धावणार असताना नाही जायचं, तर कधी जायचं?

दोन पात्यांचं गाव

देवास हे मोठं गमतीचं संस्थान होतं. १७२८ च्या सुमारास बाजीराव पेशव्यांच्या माळव्याच्या मोहिमांत पवारांचे सरदार इकडं स्थिरावले. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांना मिळून देवास मिळालं. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं झाली, पण राजधानी एकच राहिली. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. गावातून सीमा जाणं म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको! देशी संस्थानं विलीन झाली तेव्हा, १९४८ मध्ये, दोन्ही पात्या मध्य भारतात गेल्या आणि १९५६ पासून देवास मध्य प्रदेशात आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर इथं १९१२ च्या नाताळात प्रथम आले आणि १९२१ मध्ये काही महिने तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले. त्या दिवसांवरचं त्यांचं 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये निघालं. नावातली टेकडी म्हणजे देवासची 'टेकरी'. गावाच्या मधोमध ती अशी उभी आहे, की कुठल्याही गल्लीतून मान वर केली की दिसावी. वर दोन देव्या आहेत. मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. तुळजापूरची आई माळव्यातही आलेली पाहून आपल्याकडच्या माणसाला बरं वाटतं. हल्ली रोपवेही आहे, पण नवस फेडणारे पायऱ्यांनीच चढतात.

मैत्रिणीचं धावणं या पायऱ्यांवर सुरू झालं. पहिल्या दिवशी ती वीस पायऱ्या चढली आणि बसली. दुसऱ्या दिवशीही वीसच. सासूबाई खाली पायथ्याशी पिशवी घेऊन बसायच्या. पिशवीत पाण्याची बाटली, गुळाचा खडा आणि बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र. सव्वा महिन्यानं ती वर पोचली. त्या दिवशी देवीपुढं नारळ फोडला तो सासूबाईंनी. "मी नवस बोलली होती," एवढंच त्या म्हणाल्या. माळव्यातल्या मराठीत असं असतं. 'बोलले होते'च्या जागी 'बोलली होती', 'मला बरं वाटलं'च्या जागी 'मला छान लागलं'. मी मराठी शिकवते, पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना दुरुस्त करावंसं एकदाही वाटलं नाही.

टेकरीच्या पायथ्याशी

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी टेकरीच्या बाजूला फिरायला गेलो. उद्या धावायचं म्हणून तिला चढायला मनाई होती, म्हणून पायथ्यापायथ्यानंच. त्याच रस्त्याला 'भानुकुल' आहे, कुमारजींचं घर. आत जायचं असं काही ठरवलं नव्हतं. फाटकाशी उभ्या राहिलो.

कुमारजी १९४८ च्या जानेवारीत देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे. क्षय झाला होता आणि कोरडी हवा हवी होती. वय तेवीस. लहानपणी साऱ्या देशानं डोक्यावर घेतलेला गायक, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. पत्नी भानुमती शाळेत शिकवून घर चालवत आणि त्यांची शुश्रूषा करत. चार-पाच वर्षं माणूस अंथरुणावर. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं नवं औषध तेव्हा हाताशी येऊ लागलं होतं, त्यानं जीव वाचला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं. खाटेवर पडल्या पडल्या खिडकीबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं कानांवर पडत होती. सणावाराला बायका म्हणतात ती, फिरस्ते म्हणतात ती. त्या धुनांतून पुढं त्यांनी नवे राग बांधले. गाऊ लागले तेव्हा लांबलचक ताना आणि न संपणारा श्वास हा त्यांचा मार्ग उरला नव्हता. छोटे छोटे, विजेसारखे स्वरसमूह घेत त्यांनी गाणं उभं केलं. जेवढा श्वास आहे तेवढ्यात. १९९० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ ला ते देवासलाच गेले.

हे सगळं मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. पण फाटकाशी उभी राहून मैत्रीण जे म्हणाली ते वर्गात कुणी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "हे बघ, मी काही गाणारी नाही. पण पायऱ्या चढताना रोज इथून जायची ना, तेव्हा एकच विचार करायची. या माणसालाही पहिल्या दिवशी दम लागला असेल. खाटेवरून उठून दारापर्यंत आला असेल तेव्हा. पुढचं सगळं नंतर."

रात्री जेवायला सासूबाईंनी दाल-बाफले केले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा आणि मग तुपात बुडवायचा. आपल्याकडच्या पाहुण्यांचा पहिल्या दोन बाफल्यांतच निकाल लागतो. सोबत भाजलेला गराडू, वर लिंबू आणि मसाला. हा कंद थंडीच्या दिवसांत माळव्यात गल्लोगल्ली मिळतो. मैत्रिणीनं मात्र साधा वरण-भात घेतला. "शर्यतीआधी तूप नको आई," ती म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "बघा, हिच्या वाटणीचे आता आपण घ्या." मी घेतले. पाहुण्याचं तेवढं तरी कर्तव्य असतंच.

धाव गं

रविवारी पहाटे चारला निघालो. आम्ही चौघं. ती, तिचे यजमान, सासूबाई आणि मी. सासूबाईंचं वय ७४, पण "मी पण येणार" म्हणाल्या आणि शाल घेऊन सर्वांआधी गाडीत जाऊन बसल्या. इंदुरात अंधारातच रस्ते माणसांनी भरले होते. तरुण मुलं होतीच, पण पन्नाशी-साठीची माणसंही कमी नव्हती. साडी नेसून, पायांत बूट घालून आलेल्या काही बायकाही होत्या. ती गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

धावणाऱ्याला सोडून आल्यावर पाहणाऱ्याला काही काम नसतं. आम्ही तिच्या यजमानांनी आधीच हेरून ठेवलेल्या एका चौकात जाऊन उभे राहिलो. तिथं तिचे सतरा किलोमीटर पूर्ण होणार होते. "तेराव्यापर्यंत सगळे हसत असतात," यजमान म्हणाले, "सतराव्याला माणूस लागतं." कुणी पाण्याचे पेले मांडले होते, कुणी मीठ लावलेल्या संत्र्यांच्या फोडी. एक ढोलवाला होता. इंदुरी माणसाची हाक मोठी प्रेमळ असते. कुणी चालू लागला की लगेच "अरे भिया, रुकना मत!"

उभ्या उभ्या मला आपल्या फडेप्पा चौगुल्यांची आठवण झाली. किती वाचकांना ठाऊक आहे कोण जाणे, पण १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन धावणारा माणूस बेळगावचा होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी पोरं पाहून सर दोराबजी टाटांनी भारताचा चमू ऑलिंपिकला पाठवण्याचं मनावर घेतलं. त्या चमूत फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. फिनलंडचा कोलेहमाइनन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला होता. एकोणिसावा म्हणजे काही पदक नव्हे, पण बोटीनं समुद्र ओलांडून गेलेला बेळगावचा जवान बेल्जियमच्या रस्त्यावर तेवढं पळाला. रस्त्याच्या कडेला त्याला आपल्या बोलीत हाक मारायला कोण उभं असणार होतं?

पुढं गेलेले वेगवान लोक निघून गेले. मग मधले गेले. मग रस्ता विरळ झाला. सासूबाई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. यजमान दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते आणि काही बोलत नव्हते. २०२१ मध्ये फोनवरही ते असेच, नुसता श्वास ऐकू यावा इतकं कमी बोलत.

ती दिसली तेव्हा धावत नव्हती, चालत होती. एक हात कमरेवर. चेहरा लाल. आमच्याकडं तिचं लक्षच नव्हतं. ढोलवाला वाजवत होता, लोक "शाबाश, शाबाश" म्हणत होते, त्यातलं तिला काही ऐकू जात असेल असं वाटेना. मी तिच्या नावानं ओरडले. माहेरच्या, कॉलेजातल्या, लग्नानंतर कुणी न घेतलेल्या नावानं. आणि पुढं, "धाव गं! धाव!"

तिनं मान वळवली. आधी मला पाहिलं, मग सासूबाईंना. सासूबाईंनी काही न बोलता पिशवीतून गुळाचा खडा काढून पुढं केला. तिनं तो तोंडात टाकला आणि पळू लागली. फार वेगानं नव्हे, पण पळू लागली.

२ तास ५३ मिनिटांत तिची शर्यत संपली. म्हणजे आपल्या चौगुल्यांनी पूर्ण मॅरेथॉन जेवढ्या वेळात मारली, त्याहून दोन-तीन मिनिटं अधिक लावून हिनं अर्धी पुरी केली! गळ्यात पदक घालून आली, तिथंच रस्त्याच्या कडेला बसली आणि पोहे-जिलबीच्या दोन प्लेट एकटीनं संपवल्या. यजमानांनी तिच्या बोटाला ते यंत्र लावलं. आकडा पाहिला, खिशात ठेवलं आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत राहिले.

धारची दुपार

माझं परतीचं विमान रात्री होतं. इंदूरचा अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या धारकडच्या बाजूला आहे, आणि धार तिथून पुढं साठेक किलोमीटरवर. तिचे मामेसासरे धारला असतात, त्यांच्याकडं दुपारचा चहा ठरला होता. गाडीत सासूबाई पुढच्या सीटवर झोपी गेल्या. मागं आम्ही दोघी.

ती म्हणाली, "तुला सांगू? सतराव्याला मी सोडून देणार होते. ठरलंच होतं मनात. तुझं ते 'गं' ऐकलं ना... इथं मला 'गं' म्हणणारं कुणी नाही. आई आहेत, पण त्या मला 'आपण' म्हणतात. हे 'सुनो' म्हणतात. मुलगी 'मम्मी' म्हणते आणि पुढचं सगळं हिंदीत. सगळे प्रेमानंच वागतात, तक्रार नाही. पण 'गं' नाही."

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. आपण दिवसभरात हे अक्षर किती वेळा वापरतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. जिथं ते मिळत नाही तिथं त्याची किंमत कळते.

धार हे परमार राजा भोजाचं गाव. अकराव्या शतकात त्याची राजधानी इथं होती. पुढं पवारांची एक शाखा इथं नांदली. १७६१ मध्ये पानिपतावर पडलेले यशवंतराव पवार धारचे. किल्ला गावालगतच, लाल दगडाचा. त्याच किल्ल्यात १० जानेवारी १७७५ ला दुसरे बाजीराव जन्मले. राघोबादादा पळापळीत होते आणि आनंदीबाईंनी धारचा आसरा घेतला होता. शेवटचा पेशवा जन्मला धारला आणि १८५१ मध्ये वारला कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास. मराठी माणसाचा इतिहास महाराष्ट्राच्या नकाशात कधीच मावला नाही, हे धारला आल्यावर फार चटकन पटतं.

लाट मशिदीच्या आवारात लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आडवे मांडून ठेवले आहेत. जोडले तर लांबी तेरा मीटरहून अधिक, दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. दिल्लीला रांगा लागतात, इथं आम्ही तिघी आणि सावलीत झोपलेलं एक कुत्रं. गावात शिल्पकार र. कृ. फडके यांचा स्टुडिओही आहे. मूळचे वसईचे फडके धारला येऊन स्थायिक झाले. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. चौपाटीवर ज्याच्याजवळ फोटो काढतो त्या पुतळ्याच्या कर्त्याचं घर माळव्यात, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल?

मामेसासरे ८४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. भिंतीवर तुळजाभवानीची तसबीर, कपाटात मराठी पुस्तकं, त्यातली बरीच सुती कापडात बांधलेली. २००१ मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा ते तिन्ही दिवस धारहून ये-जा करत होते. "आता ही पुस्तकं कोण वाचणार?" असं मी विचारलं नाही, त्यांनीच विषय काढला. नातू समोर मोबाईलवर क्रिकेट पाहत होता. आजोबा मराठीत विचारत, तो हिंदीत उत्तर देई, आणि दोघांचं छान चाललं होतं.

"समजतं त्याला सगळं," आजोबा म्हणाले, "बोलत नाही एवढंच. मी बोलणं सोडत नाही. एक दिवस बोलेल, नाही तर नाही. पण ऐकलेलं तर राहील ना?"

मग त्यांनी भाचेसुनेचं, म्हणजे माझ्या मैत्रिणीचं, पदक हातात घेतलं, चष्मा वर करून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि नातवाला हाक मारली. "इकडं ये रे. मामीनं काय आणलंय बघ." पोरगं आलं. पदक पाहिलं. "किती पळालात मामी?" असं त्यानं विचारलं. मराठीत. कुणी काही बोललं नाही, म्हातारबुवा मात्र चहा थंड होईपर्यंत हसत होते.

जाणाऱ्यांसाठी

देवास आणि धार दोन्हींसाठी इंदूर हे सोयीचं ठाणं. देवास इंदुरापासून सुमारे ३५-४० किलोमीटर, धार सुमारे ६०-६५. बेळगावहून पुणे गाठून पुढं रेल्वे, बस किंवा विमान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते, उन्हाळ्यात माळवाही तापतो. एक दिवस अधिक असेल तर धारहून पुढं ३५ किलोमीटरवरचं मांडू चुकवू नये. टेकरी शक्य असेल तर पायऱ्यांनीच चढावी. दम लागला तर थांबावं, तिथं बसायला जागा आहे. आणि इंदुरात मॅरेथॉनच्या दिवशी असाल, तर पहाटे उठून एखाद्या चौकात जरूर उभे राहा. शेवटून येणाऱ्यांसाठी थांबा. त्यांच्यात आपल्याकडची एखादी लेक असू शकते.